काळी डांगरी आणि ठिपक्यांची वर्दी

प्रस्तावना

अहिल्यानगरच्या, म्हणजे अजूनही सगळ्यांच्या तोंडी ‘नगर’ असलेल्या शहराच्या लष्करी भागात सैनिकी कपड्यांचे दोन अगदी उलट स्वभावाचे नमुने शेजारी शेजारी नांदतात. एक म्हणजे मातीत आणि झाडोऱ्यात मिसळून जावा म्हणून छापलेला, हिरव्या-तपकिरी तुकड्यांचा कॉम्बॅट ड्रेस. दुसरी म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध शिवलेली काळीकुट्ट डांगरी. पहिला कपडा लपण्यासाठी आहे हे शाळकरी पोरगंही सांगेल. दुसरा मात्र कोड्यात टाकतो. पावसाळा सरल्यावर पिवळ्या पडलेल्या कुसळी गवताच्या माळावर काळ्या कपड्यातला माणूस लांबूनसुद्धा नजरेत भरतो. मग लढाईसाठीच तयार केलेल्या माणसाला हा रंग कोणी आणि का दिला? या पुस्तकाचा विषय त्या प्रश्नापासून सुरू होतो.

लढाईत घालायच्या कपड्याला मुळात तीन कामं असतात. शत्रूच्या नजरेपासून लपवणं हे पहिलं. आग, तेल, काटे, थंडी, उष्मा यांपासून अंग वाचवणं हे दुसरं. आणि आपला कोण, परका कोण, हा कुठल्या पलटणीचा, कुठल्या हुद्द्याचा, हे सांगणं हे तिसरं. ही तिन्ही कामं एकाच कापडाकडून बिनतक्रार करून घेता आली असती तर सैनिकी पोशाखाचा इतिहास दोन पानांत आटोपला असता. पण ती एकमेकांच्या आड येतात. लपवणारा कपडा ओळख पुसतो. ओळख मिरवणारा कपडा शत्रूला नेम धरायची सोय करून देतो. आगीत टिकणारं कापड उन्हात अंगाला नकोसं होतं. म्हणून कोणत्याही दलाचा पोशाख ही या तीन कामांतली तडजोड असते, आणि ती कशी करायची हे त्या दलाच्या रोजच्या कामावरून ठरतं.

ही तडजोड नगरला जितकी उघडपणे पाहता येते तितकी महाराष्ट्रात क्वचितच दुसरीकडे दिसेल. चिलखती दलाचं आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल इथे आहे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरही इथेच आहे. रणगाड्यात बसून लढणारा आणि चिलखती गाडीतून येऊन जमिनीवर उतरून लढणारा, असे दोन्ही जवान या एका शहरात घडतात. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था जवळच आहे. खारेकर्जुन्याच्या बाजूला के. के. रेंज हे सरावाचं विस्तीर्ण मैदान आहे, तोफांचे आवाज तिथून आसपासच्या गावांना सवयीचे झालेले आहेत. आणि १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. जनरल जोशी स्वतः चिलखती दलाचेच.

या मातीला लपण्याची कला कापडाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेला जेरीस आणलं, ते तलावाचं पाणी सोडून, वाटा चिखलमय करून आणि रात्रीचे छापे घालून. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. त्या सैन्याला वेगळा लपण्याचा पोशाख नव्हता. अंधार, ओढे आणि टेकड्या हेच त्यांचं आवरण होतं. गनिमी काव्याची सगळी भिस्त जमिनीच्या ओळखीवर असते, आणि जमीन ओळखीची असली की कपड्याच्या रंगाला फारसं काम उरत नाही.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, ऑगस्ट १८०३ मध्ये, याच नगरच्या तटाखाली अगदी उलट जातीची फौज येऊन उभी राहिली. आर्थर वेलस्लीच्या सैन्याने ८ ऑगस्टला पेठ घेतली आणि १२ ऑगस्टला शिंद्यांच्या ताब्यातला भुईकोट किल्लाही. त्या सैन्यातले ७८ व्या हायलँडर पलटणीचे गोरे शिपाई आणि कंपनीच्या पलटणींतले देशी शिपाई लाल डगले घालून लढत होते. आज हा वेडेपणा वाटेल. तेव्हा त्यात व्यवहार होता. त्या काळच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे बेभरवशाचा असे. दोनचार फैरी झडल्या की काळ्या दारूच्या धुराने सगळं रण भरून जाई. त्या धुरात आपली रांग कुठे आहे हे सरदाराला दिसणं शत्रूपासून लपण्यापेक्षा जास्त गरजेचं होतं. म्हणजे तीन कामांपैकी तिसऱ्याला, ओळखीला, पहिला मान होता.

हा क्रम बदलला तो शस्त्रांमुळे. आटे पाडलेल्या नळीच्या रायफली आल्या आणि नेमाचं अंतर कित्येक पटींनी वाढलं. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू तयार झाली आणि रणभूमीवरचा पडदाच उठला. आता गोळी कुठून आली ते कळेना, आणि लाल डगला मात्र अर्ध्या मैलावरून दिसू लागला. हिंदुस्थानात याची चाहूल आधीच लागली होती. पेशावरला १८४६ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘कोर ऑफ गाइड्स’ या पथकाला हॅरी लम्सडेनने धुळीच्या रंगाचे सैलसर कपडे दिले. डोंगराळ सरहद्दीवर टेहळणी करणाऱ्यांना त्याचीच गरज होती. १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे उन्हाळी कपडे चहाच्या पाण्यात बुडवूनसुद्धा मळखाऊ करून घेतले. खाकीला पूर्ण मान्यता मिळायला मात्र बोअर युद्धापर्यंतचा काळ जावा लागला. आणि शहाणपण सगळ्यांना एकदम येत नाही. १९१४ मध्ये फ्रेंच पायदळ लाल विजारी घालूनच महायुद्धात उतरलं, आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्याची किंमत मोजून बसलं.

ठिपक्याठिपक्यांच्या, तुटक आकारांच्या रंगकामाचा जन्म त्याच महायुद्धातला. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने चित्रकारांचं एक स्वतंत्र पथक उभारलं. तोफा, टेहळणीच्या जागा, गाड्या यांच्यावर रंगांचे असे पट्टे ओढायचे की डोळ्याला त्यांचा सलग आकार जुळवता येऊ नये, हे त्या पथकाचं काम. त्यामागचं तत्त्व चित्रकारांइतकंच निसर्ग अभ्यासकांचंही होतं. अमेरिकेतल्या अ‍ॅबट थेयर या चित्रकाराने प्राण्यांच्या रंगांबद्दल १९०९ मध्ये मोठा ग्रंथ काढला होता, आणि पुढे १९४० मध्ये ह्यू कॉट या प्राणिशास्त्रज्ञाने हा विषय शास्त्राच्या शिस्तीत बसवला. बिबट्याचे ठिपके पिवळ्या गवतात मिसळतात, पण त्यांचं मोठं काम अंगाची कड मोडणं हे आहे. डोळा आधी कड शोधतो. कड सापडली की वस्तू सापडली.

एनसीसीत गेलेल्या कुणालाही हा धडा आठवेल. वस्तू का दिसते, या प्रश्नाची उत्तरं तिथे पाठच करून घेतात: आकार, सावली, चमक, पृष्ठभाग, आभाळावर उमटणारी कड, दोन वस्तूंमधलं सारखं अंतर आणि हालचाल. या यादीत रंग वेगळा नाही, तो इतरांच्या पोटात येतो. आणि या सातांपैकी शेवटच्या कारणावर, हालचालीवर, कोणत्याही छापील कापडाचा इलाज चालत नाही. छापील वर्दीकडून अवाजवी अपेक्षा ठेवणाऱ्याने एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता रणगाड्याकडे वळू. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर इंग्रजांचे रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले, तेव्हा त्यांना रंग द्यायला सॉलोमन जे. सॉलोमन या नावाजलेल्या चित्रकाराला बोलावलं होतं. त्याने रणगाड्यांवर रंगांचे ढगळ डाग काढले. प्रत्यक्ष आघाडीवर चिखलाने ते सगळे झाकून गेले आणि पुढे साध्या तपकिरी रंगावर भागवलं गेलं. आत बसलेल्या आठ माणसांची अडचण मात्र निराळीच होती. इंजिन त्यांच्याच खोलीत. उष्मा असह्य, धूर कोंडलेला. बाहेरून गोळी आदळली की आतल्या बाजूने पोलादाच्या कपच्या उडत. म्हणून काहींना चामड्याचे मुखवटे दिले होते, त्यांना खाली साखळ्यांची झालर लावलेली. रणगाड्यातल्या माणसाच्या पोशाखाची गोष्ट ही अशी पहिल्या दिवसापासून वेगळ्या वाटेने गेली. त्याला लपवायचं काम यंत्राने घेतलं होतं. त्याच यंत्रापासून त्याला वाचवायचं काम कपड्यावर आलं.

काळा रंग इथून आला. फ्रेंच आल्प्स पलटणीची सैल, गोल टोपी पाहून इंग्रज रणगाडा दलाच्या अधिकाऱ्यांना ती आपल्यासाठी सोयीची वाटली, आणि १९२४ मध्ये काळी बेरेट त्या दलाला मंजूर झाली. हिला पुढे झाप नाही, त्यामुळे डोळा दुर्बिणीला चिकटवता येतो. ती घडी करून खिशात जाते. आणि काळी असल्याने ग्रीस, तेल, काजळी हिच्यावर दिसत नाही. पुढे काळी टोपी ही जगभरच्या कित्येक रणगाडा दलांची खूण झाली. १९२० च्या दशकात रॉयल टँक कोरचं शिक्षण नगरला चालू होतं, म्हणजे ही टोपी या गावाने जवळजवळ तिच्या जन्मापासून पाहिली आहे. हिंदुस्थानी घोडदळाची यांत्रिक दलात बदली १९३८ मध्ये सिंध हॉर्सपासून सुरू झाली. पलटणीपलटणींचे रंगीत फेटे, ब्रीचेस आणि टाचेच्या काट्यांच्या जागी काळी टोपी आणि डांगरी आली. शीख जवानाच्या डोक्यावर तीच काळी खूण पगडीच्या रूपाने आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये निरनिराळ्या ठिकाणच्या संस्था एकत्र करून नगरचं केंद्र आजच्या रूपात उभं राहिलं.

डांगरी नीट पाहायची तर ती अंगावर नव्हे, शिंप्याच्या मेजावर पाहावी. शर्ट आणि विजार एकत्र शिवलेली. पुढे गळ्यापासून खालपर्यंत चेन. कमरेला शक्यतो पट्टा आणि बक्कल नको, कारण रणगाड्याच्या आत जागा म्हणून नसते आणि तिथे प्रत्येक कडी, दांडा, खुंटी कपड्याला धरायला टपलेली असते. शर्ट विजारीतून सुटून वर आला आणि कुठे अडकला तर झाकणातून बाहेर पडायला लागणारे दोन सेकंद पाच होतात. शिवताना खरी कसोटी आसनाची आणि मुंढ्याची. दोन तुकड्यांच्या कपड्यात हात वर केला तर शर्ट वर सरकतो, विजार जागेवर राहते. इथे सगळं एकच असल्याने हात वर करताच खांद्यापासून आसनापर्यंतची लांबी ताणली जाते. ती लांबी चार बोटं कमी पडली तर माणूस गोळा उचलताना कपड्यातच अडकतो, आणि जास्त झाली तर पायात घोळ येतो. काही देशांच्या डांगरीत पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक पट्टा झाकणाखाली शिवलेला असतो. एरवी तो दिसतही नाही. बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला अरुंद झाकणातून वर ओढून काढायला तो असतो. या एका पट्ट्यावरून कळतं की हा कपडा कोणत्या प्रसंगाची कल्पना करून बेतलेला आहे.

तो प्रसंग म्हणजे आग. रणगाड्यात इंधन, तेल आणि दारूगोळा माणसांच्या हाताच्या अंतरावर असतो. चिलखत भेदणारा गोळा आत आला की या तिन्हींपैकी काहीही पेटू शकतं. पॉलिस्टरचं कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं आणि भाजणं अधिक खोल करतं. सुती कापड वितळत नाही, पण पेटतं. १९६० च्या दशकात डु पाँट कंपनीने नोमेक्स हा धागा बाजारात आणला. तो ज्वाळेत वितळत नाही, काळा पडून जाडावतो आणि ज्वाळा व कातडी यांच्यात काही मोलाचे सेकंद उभे करतो. १९७३ च्या युद्धात इस्रायलच्या रणगाडा दलातले पुष्कळ जवान भाजले, आणि त्यानंतर तिथे न पेटणाऱ्या कापडाच्या डांगऱ्या आणि आग आपोआप विझवणारी यंत्रणा यांवर भर आला. अशा धाग्यांना रंगवणं अवघड आणि ते महागही. पण रणगाड्यातल्या माणसाच्या बाबतीत दुसरं काम, वाचवण्याचं, पहिल्याला मागे टाकतं.

नगरमध्ये हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. ‘फामागुस्ता’ नावाचा सेंचुरियन रणगाडा इथल्या केंद्रात जपून ठेवलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात होते. गोळा लागून तो पेटला, बाहेर पडण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला, आणि तोफ अजून चालते आहे म्हणून त्यांनी तो मानला नाही. पुढच्या गोळ्याने ते गेले. वय २१. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर पडले, तेही परमवीर. पूना हॉर्सची मुळं १८१७ मध्ये पुण्यात आहेत, आणि तारापोरांचं शिक्षणही पुण्यातलं.

खेत्रपालांची एक आठवण या पुस्तकाच्या विषयाला अगदी जवळची आहे. युद्धाचं वारं आलं तेव्हा ते नगरलाच तरुण अधिकाऱ्यांच्या शिक्षणक्रमात होते. आघाडीवर जाताना दिल्लीला घरी थांबले, तेव्हा सामानात त्यांनी गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीला घालायचा निळा गणवेश घेतला. लाहोरला गोल्फ खेळायचं आणि जिंकल्यावर मेसमध्ये मेजवानी होणारच, तर त्याला साजेसा पोशाख हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. घरच्यांनी ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली. एकाच सामानात काळी डांगरी आणि निळा मेस ड्रेस, म्हणजे वाचवणारा कपडा आणि ओळख मिरवणारा कपडा. तिसरं काम रणभूमीवरून हद्दपार झालं तरी सैनिकाच्या मनातून ते कधी जात नाही. पलटणीचा अभिमान कापडाच्या आधाराने उभा असतो, आणि माणूस जिवावर उदार होतो त्यात त्या अभिमानाचा वाटा असतो.

मेकॅनाइज्ड इन्फंट्रीच्या जवानापुढे हा पेच सर्वांत बिकट होऊन येतो. ही रेजिमेंट १९७९ मध्ये जनरल के. सुंदरजी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. १ मद्रास, १ शीख, १ डोग्रा, ८ गोरखाची पहिली बटालियन अशा जुन्या, मानाच्या पलटणी आपापली नावं सोडून तिच्यात आल्या. प्रत्येकीच्या टोपीला, फितीला, बिल्ल्याला दोनशे वर्षांचा नाही तरी शंभराचा इतिहास होता. तो सगळा एका नव्या ओळखीत विरघळला. आणि त्यांचं काम? बीएमपी-२ या चिलखती गाडीत तिघे गाडी आणि तोफ सांभाळतात, आणखी सात जण बसतात. मागचे दोन दरवाजे उघडले की हे सात जण धावत बाहेर पडून पायदळ होतात. आत असताना त्यांना रणगाडेवाल्याचीच भीती असते, आगीची आणि अडकण्याची. बाहेर पाय टाकताच भीती पायदळाची होते, दिसण्याची. कपडा बदलायला मध्ये वेळ नसतो. त्यामुळे या जवानासाठी एकही काम दुय्यम ठरवता येत नाही. कापडाचा वजनदारपणा, खिशांची जागा, गुडघ्यावरचं दुहेरी कापड, पाठीवरचा पसारा दारात अडकणार नाही इतका बेताचा, अशा प्रत्येक बारकाव्यात ती ओढाताण दिसते.

छापाची गोष्ट पुढे कुठे गेली हे पाहताना एक मजेशीर योगायोग हाती लागतो. आज ज्याला ‘डिजिटल’ म्हणतात त्या चौकोनी ठिपक्यांच्या छापाचा पहिला महत्त्वाचा प्रयोग माणसाच्या कपड्यावर झालाच नाही. अमेरिकेत १९७६ मध्ये टिमोथी ओनील या लष्करी अधिकाऱ्याने तो एका चिलखती गाडीवर केला, दोन इंच रुंदीच्या रंगाच्या रोलरने. त्याचा विचार असा की जवळून पाहणाऱ्याला बारीक पोत दिसावा आणि लांबून पाहणाऱ्याला तेच ठिपके मिळून मोठे डाग दिसावेत. म्हणजे एकाच छापाने दोन अंतरांवर काम करावं. कॅनडाने १९९० च्या दशकात हा छाप कापडावर आणला, मग अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी. पण चौकोन काढले की काम झालं असं नाही. अमेरिकी भूदलाने २००४ मध्ये सर्व प्रदेशांत चालावा म्हणून एकच करडा छाप घेतला. तो जवळजवळ कुठेच नीट चालला नाही, आणि दहा वर्षांत बदलावा लागला. ठिपक्यांचा आकार चुकला तर थोडं बिघडतं, रंगांची निवड चुकली तर सगळंच.

भारतीय लष्कराचा नवा छाप १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला दिल्लीत पॅराशूट रेजिमेंटच्या तुकडीने घालून दाखवला. तो निफ्ट या वस्त्र-आरेखन संस्थेच्या सहकार्याने तयार झाला. ऑलिव्ह हिरवा आणि मातीच्या छटा, सुती आणि पॉलिस्टर ७०:३० प्रमाणात, आणि वरचा शर्ट विजारीत खोचायचा नाही. खोचायचा नसल्याने हवा खेळते, हालचाल मोकळी होते आणि चिलखती जाकीट वर नीट बसतं. आता डांगरीशी याची तुलना करून पाहावी. पायदळाला सोयीचा हा सैल शर्ट रणगाड्याच्या झाकणात अडथळा ठरेल, आणि पॉलिस्टरचा अंश आगीजवळ नको. त्यात नव्या वर्दीचा दोष नाही. ती दुसऱ्या कामासाठी आहे, इतकंच. सगळ्यांना एकच गणवेश द्यावा, असं खर्चाच्या हिशेबाने नेहमी वाटतं. काम वेगळं असलेलं प्रत्येक दल त्या हिशेबाला नकार देतं.

या नव्या छापाची नोंदणी लष्कराने आपल्या मालकीची म्हणून करून घेतली आहे, दहा वर्षांसाठी आणि पुढे पाच वर्षं वाढवता येईल अशी. कापडाच्या छापाला हा कायद्याचा पहारा का लागतो, याचं उत्तर कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळतं. भरतीच्या तयारीला लागलेल्या पोरांच्या पॅंटी, गुराख्याची टोपी, ट्रॅक्टरच्या सीटचं कव्हर, शाळेची सॅक, सगळीकडे तो हिरवा-तपकिरी छाप असतो. नगर जिल्ह्यात घरटी नाही तरी गावटी फौजी आहेत, त्यामुळे त्यात कौतुकाचा भाग मोठा. पण जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी कपड्यांत आले होते. फसवण्याच्या हेतूने सैनिकाचा वेश घालणं हा जुन्या दंड संहितेच्या कलम १४० प्रमाणे गुन्हा होता आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही आहे. कायदा हेतू पाहतो, पहाऱ्यावरच्या जवानाला मात्र हेतू दिसत नाही, कपडा दिसतो. तिसरं काम, ओळख पटवण्याचं, इथे नव्या रूपात परत येतं. म्हणून नव्या वर्दीचं कापड खुल्या बाजारात न सोडता लष्कराच्या कॅन्टीनमधून देण्याची व्यवस्था झाली, आणि ती कशी शिवायची याचं शिक्षण निफ्टने शिंप्यांना दिलं. तयार वर्द्या शिवणारे सरकारी कारखाने २०२१ पासून कानपूरच्या ‘ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड’ या कंपनीखाली आले आहेत. तरी अधिकाऱ्याच्या खांद्याला नीट बसणारा कपडा अजूनही छावणीच्या बाजारातला मिलिटरी टेलरच शिवतो, आणि भिंगारसारख्या कॅन्टोन्मेंटच्या गावात हा धंदा पिढ्यांचा असतो.

छावणीतली एक सवय मात्र छापील वर्दीच्या मुळावर येते. कडक इस्त्री आणि स्टार्च ही सैनिकी शिस्तीची पहिली खूण. पण रात्री पाहायची यंत्रं जो अवरक्त प्रकाश टिपतात तो हिरवी पानं भरपूर परतवतात, आणि साधे रंग तसा परतवत नाहीत. म्हणून चांगल्या कॉम्बॅट कापडाचे रंग असे निवडतात की त्या यंत्रातूनही कापड पानासारखंच दिसावं. स्टार्च, पुन्हा पुन्हा कडक इस्त्री आणि कपडे पांढरेशुभ्र करणारी धुण्याची पावडर यांनी हा गुण जातो. डोळ्याला वर्दी टापटीप दिसते आणि दुर्बिणीत उजळते. परेडचा कपडा आणि रणाचा कपडा वेगळे ठेवा, हा नियम केवळ शिस्तीसाठी नाही.

यापुढची यंत्रं उष्णतेवरून पाहतात. आधुनिक रणगाड्याची तापदर्शी दुर्बीण अंगाची आणि इंजिनाची ऊब टिपते. तिच्यापुढे ठिपके चौकोनी की गोल, याला अर्थ राहत नाही. तिथे काम करतात ती उष्णता अडवणारी जाळी आणि विशेष रंग. जोधपूरची संरक्षण प्रयोगशाळा आणि कानपूरची डीएमएसआरडीई या डीआरडीओच्या संस्था अशा साहित्यावर काम करतात. वरून फिरणाऱ्या स्वस्त ड्रोनने तर पाठ, डोकं आणि गाडीचं छत, हे आजवर दुर्लक्षित राहिलेले भाग उघडे पाडले आहेत. म्हणून छापील कापड निरुपयोगी झालं, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो घाईचा आहे. अजूनही बहुतेक टेहळणी साध्या डोळ्याने आणि साध्या कॅमेऱ्याने होते. मात्र लपवण्याचं ओझं अंगावरच्या कापडावरून हळूहळू जाळीवर आणि रंगावर सरकतं आहे, आणि कापडाकडून वाचवण्याची अपेक्षा वाढते आहे. रणगाडेवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी पत्करलेला क्रम उद्या इतर दलांनाही पत्करावा लागेल, असं मला वाटतं. काळी डांगरी जुनाट आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी हे पुस्तकाचं मुख्य म्हणणं आहे.

पुढची प्रकरणं याच तीन कामांच्या क्रमाने लावली आहेत. आधी लपणं, त्यात के. के. रेंजसारख्या माळावर श्रावणात हिरवी आणि माघात पिवळी होणारी जमीन एका छापाला कसं हरवते हे येईल. मग वाचणं, त्यात कापड, शिलाई आणि आग. शेवटी ओळख, त्यात बिल्ले, फिती, टोप्या आणि त्यांच्यावरून होणारे रुसवेफुगवेसुद्धा. सैन्यात असलेल्यांना यातलं पुष्कळ माहीत असेल. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना आणि छावणीच्या आसपास राहूनही आत काय चालतं याचा अंदाज नसलेल्या नगरकरांना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिलं आहे.

पुस्तक वाचायच्या आधी किंवा नंतर, जमेल तेव्हा, नगरच्या संग्रहालयात एक फेरी मारावी. रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती मोटारीपासून पाकिस्तानकडून काबीज केलेल्या पॅटनपर्यंत सगळी यंत्रं तिथे उघड्यावर उभी आहेत. लोक सहसा तोफेची लांबी पाहतात आणि फोटो काढतात. त्याआधी वरच्या झाकणाची रुंदी पाहावी, आपले खांदे त्यातून कसे बाहेर पडतील याचा अंदाज घ्यावा, आणि आत आग लागली आहे अशी कल्पना करावी. डांगरी एकसंध का, तिला बक्कल का नको, हे तिथल्या तिथे कळेल.